इंजिनिअर म्हणजे इंजिन चालवणारा

बेळगाव स्टेशनाजवळ आमचे घर होते. त्या काळी मीटरगेज होती. वाफेचे इंजिन लोंढ्याकडे निघाले की त्यातून काळवंडलेल्या चेहऱ्याचा एक माणूस वाकून पाही. तोच इंजिनिअर, अशी माझी पक्की समजूत होती. तुम्ही हसाल, पण अमेरिकेत आगगाडी चालवणाऱ्याला आजही इंजिनिअरच म्हणतात, आणि आपल्या ‘अभियंता’ शब्दातला ‘यंता’ म्हणजे संस्कृतात सारथी. मूल तसे फार चुकत नाही. जे डोळ्यांना दिसते, तेवढेच ते धरते.

२००४ साली मेरेडिथ नाइट आणि ख्रिस्टीन कनिंगहॅम या अमेरिकी संशोधकांनी शाळकरी मुलांना काम करणाऱ्या इंजिनिअरचे चित्र काढायला सांगितले. पुष्कळ चित्रांत गाड्या, हत्यारे, बांधकाम, दुरुस्ती. पुढे कनिंगहॅम यांनी सहकाऱ्यांसह मुलांपुढे निरनिराळी कामे ठेवली, तेव्हा मोटार दुरुस्त करणे हे इंजिनिअरचे काम म्हणून मुलांनी भराभर निवडले. पाणी स्वच्छ करण्याची युक्ती शोधणे मात्र पुष्कळांनी सोडून दिले.

हे वाचले आणि मला आजी आठवली. ती दुहेरी फडक्यातून पाणी गाळून घेई. जैन घरांतली ही रीत तुम्हाला ठाऊक असेल. विहिरीचे पाणी असेल तर फडक्यावर राहिलेले जीव त्याच विहिरीत परत सोडायचे. कापड किती दाट हवे, त्यात अडकलेले कुठे न्यायचे, हे प्रश्न जलशुद्धीकरण केंद्रालाही सुटलेले नाहीत. तिथे तुरटीने बारीक माती एकमेकींना चिकटते, जड होते, तळाशी बसते. उरलेली वाळूच्या थरात अडकते. वाळू तुंबली की खालून उलटे पाणी सोडून ती धुवायची. शेवटी क्लोरीन. (इथे आजीचे आणि इंजिनिअरचे जमले नसते!) पावसाळ्यात पाणी किती गढूळ येईल, वीज गेली तर काय, हे कोणीतरी आधी कागदावर मांडलेले असते. खरे काम ते. कावीळ-हगवणीचे कित्येक रुग्ण ते केंद्र माझ्या दवाखान्यापर्यंत येऊच देत नाही. मला त्यांचा पत्ताही लागत नाही.

पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली स्वयंचलित दारे बसवली. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की ती आपोआप उघडत, उतरले की मिटत. दार उघडणारा माणूसच नाही. मग मुलाने चित्रात काढावे कोणाला?

गेल्या वर्षी बारावीतला एक मुलगा पोटदुखीसाठी आला. तपासण्यांत काही निघाले नव्हते. चाचणी परीक्षा जवळ आली की दुखणे सुरू होई. वडिलांना विचारले, इंजिनिअर होऊन हा करणार काय? ते पगाराचे आकडे सांगू लागले. मुलाला विचारले, तर म्हणाला, “काका, खरं सांगू? कॉम्प्युटरसमोर बसतात, एवढंच माहीत आहे.”

मी निदान इंजिन तरी पाहिले होते. गोळ्या दिल्या आणि वडिलांना म्हटले, एकदा याला पाण्याचे केंद्र दाखवून आणा, तिथल्या इंजिनिअरशी बोलू द्या.

ते म्हणाले, “परीक्षा होऊ दे डॉक्टर, मग बघू.”