जुन्या मोटारसायकलीचें परकें चाक

कळव्याच्या खाडीपुलाकडे वाहनांची रांग सरकत असतांना एखादी जुनी मोटारसायकल आपल्या संथ, भरदार ठोक्यानें लक्ष वेधून घेते. पाहणारास तिचें रंगरूप दिसतें. तिच्या पुढच्या चाकांत कोणत्या गाडीचा ब्रेक आहे, हें दिसत नाहीं. स्वाराचा व मागें बसलेल्याचा जीव मात्र त्या न दिसणाऱ्या जोडणीवरच अवलंबून असतो.

अशी जोडणी करावी कां लागते? दुसऱ्या महायुद्धांत बी. एस. ए. एम-२० व नॉर्टन १६-एच या इंग्रजी मोटारसायकली लष्कराच्या सेवेंत होत्या. कळव्याहून जवळच, कल्याणनजीक, त्या काळीं मोठी लष्करी छावणी होती. आजचें उल्हासनगर तेथेंच वसलें. युद्धानंतर अशा गाड्या खासगी हातीं आल्या आणि पुढें त्यांचे मूळ भाग दुर्मिळ झाले. उलट १९५५ नंतर मद्रासला बुलेट तयार होऊं लागली व तिचे भाग गांवोगांवीं मिळूं लागले. एम-२० चें चाक १९ इंची, जुन्या बुलेटचेंही १९ इंची; तेव्हां एकाच्या जागीं दुसरें बसविण्याचा मोह सहज होतो. परंतु टायर सारखा म्हणून चाक जुळलें, असें होत नाहीं. तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली मध्याची. हबची रुंदी व आंसाची जाडी निराळी असल्यास लेथवर बुश व कड्या करून घ्याव्या लागतात. मागच्या टायरपासून पुढच्यापर्यंत दोन्ही बाजूंनीं दोरी ताणून पाहिली, कीं चाक एका अंगास गेलें आहे काय तें कळतें. गेलें असल्यास आरे पुन्हां ताणून रिम मध्यावर आणावी. फोर्क वांकवूं नये.

दुसरी गोष्ट आधाराची. ब्रेक दाबतांच ब्रेक-प्लेट चाकाबरोबर फिरूं पाहते. तिला फोर्कशीं जखडणारा आधार तो जोर सोसतो. टायरची त्रिज्या पावणेतेरा इंच आणि आधार आंसापासून साडेतीन इंचांवर असेल, तर रस्त्यावरील ४० किलोंच्या रोधामुळें आधारावर सुमारें १४५ किलोंचा जोर येतो. तेथें पातळ पट्टी लावून भागत नाहीं. ती तुटली तर प्लेट फिरते, तार गुंडाळली जाते आणि चाक जागींच अडकतें.

तिसरी गोष्ट दिशेची. हिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. काठी जमिनीस तिरपी टेकवून पुढें ढकलली तर रुतते, मागें ओढली तर घसरत येते. ब्रेकच्या शूचेंही तसेंच आहे. ड्रम कॅमकडून खुंटीकडे फिरत असला, तर घर्षणच शूला आंत ओढून अधिक घट्ट करतें. उलट फिरल्यास त्याला दूर लोटतें. साध्या ब्रेकांत एक शू रुतणारा व एक घसरणारा असतो. म्हणून बाजू बदलली तरी फारसें बिघडत नाहीं. नंतरच्या बुलेटच्या ७ इंची ब्रेकांत मात्र दोन्ही शू रुतणारे असतात. तें चाक उलटें फिरवून दुसऱ्या बाजूस बसविलें, तर दोन्ही घसरणारे होतात. ब्रेक चांगला, लायनर नवे, तार नवी. तरीही गाडी थांबत नाहीं!

सर्व जुळल्यावर शू ड्रमला टेकतांना तार व कॅमचा दांडा यांत काटकोन असावा, म्हणजे हाताचा जोर वाया जात नाहीं. पहिली परीक्षा मोकळ्या, सपाट रस्त्यावर, सावकाश आणि एकट्यानें घ्यावी; मुंब्र्याकडील डोंगराच्या उतारावर मालट्रकांच्या गर्दींत नव्हे. परीक्षेनंतर आधाराचा प्रत्येक बोल्ट पुन्हां तपासावा.

वडिलांची गाडी चालती ठेवणें ही कौतुकाचीच गोष्ट आहे. परंतु परका भाग घरांत घ्यावयाचा, तर त्याचा स्वभाव आधीं ओळखावा. ज्या गाडीला थांबतां येतें, तिलाच चालण्याचा अधिकार आहे.