स्टार, डेल्टा आणि लाइनीच्या टोकावरची मोटार

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात, शेलूबाजारच्या परिसरात, रब्बीच्या दिवसांत हरभऱ्याचे आणि गव्हाचे ओलित ज्या थ्री-फेज मोटारींवर चालते, त्यांच्या स्टेटरमध्ये, म्हणजे स्थिर भागात, तांब्याच्या तारेची तीन स्वतंत्र वाइंडिंगे असतात आणि त्यांची सहा टोके कशी जोडली आहेत यावर मोटारीचे बळ, तिचे तापणे आणि तिने ओढलेला करंट ठरतो. तिन्ही वाइंडिंगांचे एकेक टोक एकाच बिंदूत बांधून उरलेली तीन टोके तीन फेजांना दिली की ती स्टार जोडणी होते. एका वाइंडिंगचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीला जोडून त्रिकोण पुरा केला की ती डेल्टा. लाइनीवर 415 व्होल्ट असताना डेल्टात प्रत्येक वाइंडिंगला ते सगळे मिळतात, तर स्टारमध्ये 1.73ने भागून उरणारे सुमारे 240.

वाइंडिंगवरचा दाब, म्हणजे व्होल्टेज, 1.73 पटीने घटला की त्याचा करंटही तेवढाच घटतो. शिवाय डेल्टात प्रत्येक फेजवर दोन वाइंडिंगांचा भार येतो, तो स्टारमध्ये एकाचाच असतो, त्यामुळे लाइनीतला करंट थेट एक तृतीयांशावर येतो. टॉर्क, म्हणजे दांडा फिरवणारे बळ, दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने तोही एक तृतीयांशच उरतो. वेग मात्र वीजपुरवठ्याच्या 50 हर्ट्झवर आणि मोटारीच्या ध्रुवसंख्येवर अवलंबून असल्याने भार नसताना दोन्ही जोडण्यांत जवळजवळ सारखाच राहतो. स्टार म्हणजे कमी वेगाची जोडणी, हा समज बराच पसरलेला असला तरी चुकीचा आहे.

1889च्या सुमारास बर्लिनच्या एईजी कंपनीत मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी घडवलेल्या थ्री-फेज मोटारीतील पिंजऱ्यासारखा रोटर साधा आणि दणकट असला, तरी त्याला बाहेरून तार जोडता येत नाही, म्हणून सुरुवातीच्या उसळीला आवर घालायचा तर तो स्टेटरच्या बाजूनेच. पूर्ण भारावर सुमारे 14 अँपिअर घेणारी 10 एचपीची मोटार डेल्टात थेट चालू केली की क्षणभर त्याच्या सहापट, म्हणजे 84 अँपिअर ओढते. स्टारमध्ये तोच आकडा 28 होतो. एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, बऱ्याच मोटारी ऑटो स्विचवर असल्या आणि लाइन येताच एकदम उठल्या, तर हा फरक डीपीच्या जिवावर बेतू शकतो.

खरी अडचण लांब लाइनीच्या शेवटच्या खांबावर येते. डेल्टात पूर्ण भाराच्या दीडपट टॉर्क देऊन उठणारी मोटार स्टारमध्ये निम्माच देते, आणि दाब 300 व्होल्टांवर घसरला असेल तर जेमतेम चौथा हिस्सा. सेंट्रिफ्युगल पंपाला सुरुवातीला फारसे बळ लागत नसल्याने, विशेषतः डिलिव्हरीचा वॉल्व्ह मिटलेला असल्यास, तो तेवढ्यावरही वेग घेतो, पण सावकाश. मोटार स्टारमध्ये उठवून मग डेल्टात टाकणाऱ्या स्टार्टरच्या टायमरने ठरल्या सेकंदांनी ती अर्ध्या वेगावर असतानाच डेल्टात टाकली, तर टाळलेली उसळी पुन्हा येते आणि स्टारचा सारा खटाटोप फुकट जातो. म्हणून वेग सुमारे 80 टक्क्यांवर पोचून अँमीटरचा काटा खाली आला की मगच बदल व्हावा, असा टायमर लावणे शहाणपणाचे ठरते. पिठाच्या गिरणीत तर पाट्यांमध्ये धान्य अडकलेले असताना मोटार स्टारमध्ये नुसती घुमत राहते; धान्य सोडायचे ते मोटार डेल्टात स्थिर झाल्यावरच.

जळालेली मोटार रिवाइंडिंग करून आली आणि टोके जोडणाऱ्या पट्ट्या चुकीच्या लागल्या, तर तिची दोन निराळी लक्षणे दिसतात. डेल्टासाठी बनलेली मोटार स्टारमध्ये राहिली तर रिकामी असताना निर्धोक फिरते, किंबहुना फार हलक्या भारावर वीजही थोडी वाचवते; पण पाण्याचा पूर्ण भार येताच तिचा वेग घसरतो, करंट वाढतो आणि ती हळूहळू तापून जळते. 240 व्होल्टांच्या वाइंडिंगची, म्हणजे मुळात स्टारची, मोटार डेल्टात जोडली तर तिचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने ओसंडतो, भार नसतानाही ती जोराने गुणगुणते आणि थोड्याच वेळात इन्सुलेशनचा वास येऊ लागतो. मोटारीच्या अंगावरच्या माहितीच्या पट्टीवर व्होल्टेजसोबत जोडणीची खूण छापलेली असते, पण विहिरीवर वर्षे काढलेल्या मोटारीची ती पट्टी बहुधा गंजून पुसलेली असते. अशा वेळी जुनी तार उपसण्याआधी तिची जाडी, वेढे आणि टोकांची जोडणी कारागिराने टिपून ठेवणे हाच भरवशाचा पुरावा उरतो.