चुलीची भिंत अन् सूर्याची भट्टी

परवा आम्ही अमरावतीहून शेगावला निघालो होतो. अकोल्याला भाची गाडीत चढली. ती फिजिक्स घेऊन एम.एस्सी. करतेय. पुढे तिला गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत पीएच.डी. करायचीय आणि घरात 'पोरीला एवढ्या लांब कशाला?' सुरू आहे.

पारसला वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या. ती म्हणाली, "आजी, कोळसा न जाळता, सूर्यात होतं तसं करून वीज काढायचे प्रयत्न चाललेत. १५ कोटी अंश तापमान लागतं!"

आईनं लगेच विचारलं, "अवं माय, मंग थे भांडं काहून वितयत नाई?"

मैत्रिणींनो, नेमका हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही छळतोय. हायड्रोजनचे अणू एकमेकांत मिसळून हेलियम होतो, तेव्हा प्रचंड ऊर्जा निघते. इतका तापलेला वायू भांड्याला टेकू द्यायचाच नाही, चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरायचा. गांधीनगरला १९८९ साली सुरू झालेल्या 'आदित्य' यंत्रात असा वायू धरण्याचे प्रयोग झाले. फ्रान्समध्ये 'ईटर' ही मोठी भट्टी उभी राहतेय. २००५ पासून भारतही त्यात भागीदार आहे.

तरी झळ लागतेच. ईटरच्या तळाशी एका चौरस मीटरवर एक कोटी वॅट उष्णता पडणार. म्हणजे हजार वॅटच्या दहा हजार इस्त्र्या तेवढ्याशा जागेत! म्हणून तिथे टंगस्टन लावतात, आपल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या तारेतला. तो वितळायला ३४२२ अंश लागतात. आपल्या विदर्भातही, नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना भागात, टंगस्टनचे साठे आढळलेत. टंगस्टनच्या मागून पाण्याच्या नळ्या जातात. पारसच्या बॉयलरच्या भिंतीही पाण्याच्या नळ्यांच्याच असतात. आत आग, नळीत पाणी, म्हणून भिंत टिकते.

पण उष्णतेपेक्षा वाईट मार कणांचा. वेगानं येणारे न्यूट्रॉन धातूतले अणू जागेवरून हलवतात, धातू ठिसूळ होतो. हेलियम आत शिरून बुडबुडे धरतो, पृष्ठभागावर बारीक लव उगवल्यासारखी होते. त्यातला टंगस्टन सुटून आत गेला, की वायूच थंड पडतो. म्हणून भिंतीला आतून बोरॉनचा पातळ थर देतात. तो झिजला, की पुन्हा द्यायचा. तळाचे भागही खराब झाले, की बदलता येतील असेच बनवतात. अशा भट्टीतून घरात वीज यायला अजून बराच वेळ आहे, आणि अडलंय ते बरंचसं या भिंतीपाशीच.

आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे चूल पोतारनंच झालं की! पोतारली नाई तं चूल फुटतेच."

भाची हसली. "हो आजी, मला तेच पोतारणं शिकायला जायचंय."

शेगाव येईपर्यंत आई गप्प होती. उतरताना माझ्या कानाशी म्हणाली, "फारम भरू दे तिले. बापाले मी सांगतो."