गरोदरपणातली साखर : दोन तपासण्या आणि घरचं ताट



साखरेवर आपल्या सगळ्यांचा प्रपंच चालतो, म्हणून साखरेच्या आजाराविषयी या पानावर गप्प बसावं असं आम्हाला वाटत नाही. घरात सून किंवा लेक गरोदर असेल त्या प्रत्येक सभासदाने हा लेख वाचावा, आणि वाचून झाल्यावर घरातल्या बायामाणसांनाही वाचून दाखवावा.

दिवस गेलेल्या बाईला दवाखान्यात एक दिवस ग्लुकोजचं पाणी पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. कागदावर आकडा जास्त आला की घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं, "फार गोड खाल्लं असेल." कोणी म्हणतं, "माहेरूनच घेऊन आली." दोन्ही बोलणी चुकीची आहेत. बाळाला अन्न पोचवणारी जी वार असते, तिच्यातून काही रस आईच्या रक्तात मिसळतात. या रसांमुळे आईच्या शरीरातल्या इन्सुलीनचा जोर कमी पडतो. बहुतेक बायांचं शरीर जादा इन्सुलीन तयार करून ही तूट भरून काढतं. ज्यांचं काढू शकत नाही, त्यांची रक्तातली साखर वाढते. घराण्यात मधुमेह असेल, वजन जास्त असेल किंवा आधीचं मूल फार मोठं जन्मलं असेल तर शक्यता जास्त. पण यातलं काहीही नसलेल्या सडपातळ बाईलाही हे होतं. म्हणून तर सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करायची असते.

ऊस पक्व झाला की नाही हे आपण नुसत्या वाढ्याच्या रंगावरून ठरवत नाही, ब्रिक्स मोजतो. इथेही तसंच. या मधुमेहात बहुतेक वेळा बाईला काहीच जाणवत नाही. तहान किंवा थकवा वाटलाच, तर तो गरोदरपणाचाच म्हणून सोडून दिला जातो. मोजल्याशिवाय कळत नाही.

तपासणी अशी : ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं. उपाशीपोटी जायची गरज नाही, आधी जेवण झालेलं असलं तरी चालतं. दोन तासांनी रक्तातली साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पिऊन अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागतं. ही तपासणी दोनदा करायची असते : एकदा नाव नोंदवताना, पहिल्याच भेटीत, आणि दुसऱ्यांदा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. पहिली चांगली आली म्हणून दुसरी सोडायची नाही, कारण वारेचा जोर पुढच्या महिन्यांतच वाढतो. डोहाळजेवणाची तारीख काढताना ही तारीखही काढून ठेवावी, बरं का.

बाळाला यात काय धोका, ते नीट समजून घ्या. आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते. ती जिरवायला बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड जास्त इन्सुलीन करू लागतं. बाळ अंगाने भरतं, खांदे रुंद होतात, बाळंतपण अवघड होऊ शकतं. लोक म्हणतात, "काय गुटगुटीत पोर आहे!" पण नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर एकदम थांबते, आणि बाळाचं इन्सुलीन मात्र चालूच राहतं. गव्हाणीत ऊस यायचा थांबला आणि मिल भरवेगात फिरतेच आहे, असं काहीसं होतं. बाळाची साखर खाली घसरते. म्हणून अशा बाळाला पहिल्या तासाच्या आत अंगावर पाजायचं आणि त्याची साखर तपासून घ्यायची. मधाचं बोट किंवा गुळाचं पाणी देऊ नका.

आता ताटाकडे वळू, कारण निम्मी औषधयोजना तिथेच आहे. पहिले दोन आठवडे बहुतेकींना आहार आणि चालणं यावरच ठेवतात, आणि पुष्कळ जणींना तेवढं पुरतं. सर्वांत मोठी चूक म्हणजे बाईला उपाशी ठेवणं. भाकरी बंद केली की साखर उतरेल असा समज आहे, पण त्याने बाळाचे हाल होतात. दिवसाला तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, असं वाटून द्यावं. ताटात निम्मी जागा पालेभाजी, फळभाजी, काकडी-कोशिंबिरीला. पाव भाग भाकरी किंवा चपातीला. पाव भाग डाळ, मटकी, पिठलं, अंडी यांना. भात खायचा तर भाकरी कमी करून. संकष्टी, गुरुवार यांचे उपास या काळात नकोतच. साबुदाण्याच्या खिचडीने तर साखर झपाट्याने चढते.

आणि आता आमच्याच तोंडून ऐका : गूळ म्हणजे औषध नव्हे. साखरेऐवजी गुळाचा चहा दिला की भागलं, असं अनेक घरांत मानतात. रक्तात दोन्ही सारखेच चढतात. काकवीचंही तेच, उसाच्या रसाचंही तेच. डिंकाच्या लाडवाला सासूबाईंनी थोडे दिवस थांबावं.

दोन आठवड्यांनंतरही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० किंवा त्याहून जास्त राहिली तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलीन सुरू करतात. इन्सुलीनच्या नावाने घरं हादरतात, "आता जन्मभर सुया" म्हणतात. तसं नाही. बहुतेकींचं इन्सुलीन बाळंतपणानंतर बंद होतं, आणि त्याने बाळाला अपाय होत नाही. मात्र इन्सुलीन घेणाऱ्या बाईने जेवण चुकवू नये. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन चमचे ग्लुकोज पाण्यात द्यावं. ग्लुकोज नसेल तर साखरेचं पाणी चालतं. आपली साखर औषधाला येते ती अशा वेळी.

एका वर्गाविषयी वेगळं लिहिलंच पाहिजे. दसऱ्याच्या सुमारास तिसऱ्या महिन्यात कोयता घेऊन गाव सोडलेल्या ऊसतोड बाईचा २४ वा आठवडा पौषात, उसाच्या फडात येतो. पहिली तपासणी गावी झाली असली तरी दुसरी राहून जाते. कार्ड गावी पेटीत असतं, आणि एक दिवस फड सोडला तर खाडा पडतो. ज्या सभासदाच्या शेतात टोळी उतरली असेल त्याने मुकादमाला एवढं विचारावं : टोळीत कोणी गरोदर आहे का, तिचं माता-बाल कार्ड बरोबर आहे का? गावची नोंद दुसरीकडे असली तरी तिने जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. ९ तारखेला बैलगाडी किंवा ट्रॅक्टर काट्याकडे निघालाच असेल, तर तिलाही रस्त्यातल्या दवाखान्यापर्यंत सोडता येईल. तिच्या त्या दिवसाच्या मजुरीचं काय करायचं, हे सभासदाने आणि मुकादमाने आधीच ठरवून घ्यावं. नाहीतर ती जाणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते आणि घर विसरून जातं. सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची असते, या खेपेला मात्र उपाशीपोटी जायचं. या बायांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा संभव इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून त्यानंतरही दर वर्षी साखर बघावी. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीसाठी दवाखान्यात जायचंच असतं. त्याच दिवशी आईचंही रक्त द्यावं.