इंग्रजी, काळा घोडा मार्गे

१९६३ साली बंगाली कवी बुद्धदेव बसू यांनी इंग्रजीत कविता लिहिणाऱ्या भारतीयांना एका कोशातल्या नोंदीत निकालात काढलं. ही वाट पुढे कुठेच जात नाही, असा त्यांचा निवाडा. कोलकात्याचे पी. लाल चिडले. त्यांनी कवींना प्रश्नावली धाडली आणि १९६९ मध्ये उत्तरांसकट जाडजूड संकलन काढलं. वाद गाजला, हाती फारसं लागलं नाही. इंग्रजीत लिहावं की नाही, यापेक्षा लिहून काय साधतं हा प्रश्न मला अधिक कामाचा वाटतो. त्याचं उत्तर शोधायचं तर मुंबईला यावं लागतं.

निस्सीम इझिकेल बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या समाजातले. त्यांचा पहिला संग्रह १९५२ साली लंडनमध्ये निघाला. पुढे त्यांनी आपल्याकडच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतच काही कविता लिहिल्या. मिस पुष्पाच्या निरोप समारंभातलं भाषण त्यातलं गाजलेलं. पण त्या थट्टेत मास्तरकी डोकावते. वृंदा नाबर यांच्यासोबत त्यांनी इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या, ते काम मात्र मनापासूनचं. युनिस डिसूझांनी ‘फिक्स’मध्ये (१९७९) गोवन कॅथलिक समाजाची झाडाझडती घेतली, तीही मोजक्या, कोरड्या ओळींत.

खरी गंमत अरुण कोलटकरांपाशी आहे. १९७६ साली आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चौघांनी ‘क्लिअरिंग हाउस’ काढलं आणि आपापले संग्रह स्वतःच छापले. ‘जेजुरी’ त्यातलाच; पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. मराठीत खंडोबा म्हटलं की येळकोट आपोआप कानात घुमतो, भंडारा डोळ्यांपुढे येतो. इंग्रजीत यातलं काहीच आयतं येत नाही. म्हणून तिथे मनोहर नावाचा एकजण देऊळ समजून उघड्या दारातून डोकावतो, तर आत वासरू. पडक्या मारुतीच्या देवळात कुत्री पिलं घेऊन बसलेली. घोड्याच्या नालाचं देऊळ दाखवते म्हणत एक म्हातारी पन्नास पैशांसाठी मागे लागते, आणि तिच्याकडे नीट पाहिल्यावर पाहणाऱ्याचाच रुबाब उतरतो. श्रद्धा नाही, पण टवाळीही नाही. हा सूर मराठीत अशक्य होता असं नाही. इंग्रजीत तो ओझ्याशिवाय सापडला, एवढंच.

भालचंद्र नेमाड्यांना हे रुचलं नाही. त्यांच्या मते हा सुट्टीच्या दिवशी जेजुरीला गेलेल्या पर्यटकाचा डोळा. (आक्षेप घेणारे नेमाडे स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक, हे जाता जाता.) आक्षेपात तथ्य आहे, फक्त तो दोष ठरत नाही. कवितेतला माणूस एसटीतून उतरतो तोच मुळी परका म्हणून.

शिवाय कोलटकरांचा पुढचा हिशेब उलटाच निघाला. ‘भिजकी वही’ (२००३) मराठी, आणि तिच्यात कॅसॅन्ड्रा, हायपेशिया, व्हिएतनामची किम अशा जगभरच्या बायका. ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) इंग्रजी, आणि तिच्यात ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहाच्या खिडकीबाहेरचं गावठी कुत्रं आणि फुटपाथवरची इडली. विश्वात्मक ते मराठीत, गल्लीतलं ते इंग्रजीत! अर्थात त्यांचीच मराठी ‘चिरीमिरी’ वाचली की ही वाटणीही पक्की राहत नाही. तिथे बळवंतबुवा आहेत आणि अस्सल मराठमोळी पंढरीची वाट आहे.

दिलीप चित्र्यांनी दोन्ही भाषांत आयुष्यभर लिहिलं. १९९४ चे साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार त्यांना मिळाले, एक ‘एकूण कविता’साठी, दुसरा तुकारामांच्या इंग्रजी अनुवादासाठी. गौरी देशपांडे इंग्रजी कवितेतून मराठी कथेत आल्या आणि इथल्याच झाल्या. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) लिहून किरण नगरकर इंग्रजीकडे वळले, तेव्हा मात्र मराठीतल्या अनेकांनी ते मनाला लावून घेतलं. कोलटकरांवर असं कोणी रुसल्याचं दिसत नाही. त्यांनी मराठीचं दुकान कधी बंदच केलं नव्हतं.