समुद्रातील मुद्दलाची मोजदाद

लासलगावच्या बाजारात कांद्याची आवक वाढली म्हणजे शेतकऱ्यांच्या चाळींतील साठा वाढला, असे नाशिक जिल्ह्यातील कोणीही जाणता माणूस म्हणणार नाही. भाव कोसळण्याच्या धास्तीने सारा माल एकदम बाहेर काढला गेला, तरीही आवक वाढतेच. आवक आणि साठा या दोन भिन्न गोष्टी होत, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा. परंतु मासळीचा विचार करताना त्याचा सर्रास विसर पडतो. बंदरावर किती टन मासळी उतरली, या एकाच आकड्यावरून समुद्राच्या संपन्नतेचे निदान केले जाते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या कुपा, गेदर आदी ट्यूना वर्गातील माशांबाबत हा घोटाळा विशेष घातक आहे. हिंदी महासागरातील ट्यूना व तत्सम माशांचे जवळजवळ निम्मे उत्पन्न अवाढव्य जहाजांचे नसून छोट्या मच्छीमारांचे असते. मोठ्या जहाजावर नोंदवही ठेवता येते, निरीक्षक नेमता येतो. असंख्य लहान बंदरांवर विखुरलेल्या होड्यांचा हिशेब कोण ठेवणार? १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था नमुना पाहणीद्वारे उतरलेल्या मासळीचा अंदाज बांधते, आणि ते कार्य निःसंशय मोलाचे आहे. परंतु पाण्यात काय उरले, हे जाणण्यासाठी आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न श्रमाचा. तेवढीच मासळी मिळविण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक दिवस आणि अधिक डिझेल खर्ची पडत असेल, तर मुद्दलाला हात लागला आहे, असेच समजावे लागेल. मात्र हा निकषही फसवा ठरू शकतो. ट्यूना थव्याने फिरतो. थव्यांची संख्या रोडावली तरी सापडलेल्या थव्यातून जाळे भरतेच. म्हणून दुसरा प्रश्न आकाराचा. मोठे मासे दुर्मीळ होऊन एकदाही अंडी न घातलेली पिल्लेच टोपलीत दिसू लागली, की व्याजाऐवजी मुद्दलच खाल्ले जात आहे, याची ती स्पष्ट खूण होय.

अपुऱ्या आकड्यांवर उभारलेले निष्कर्ष किती अस्थिर असतात, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १९९६ साली अस्तित्वात आलेल्या हिंदी महासागर ट्यूना आयोगाच्या २०२१ च्या मूल्यमापनात पिवळ्या पराच्या ट्यूनाचा साठा अतिमासेमारीने खालावलेला ठरला. २०२४ मध्ये तो तसा नसल्याचा निष्कर्ष निघाला. तीन वर्षांत समुद्रात चमत्कार घडला, असा याचा अर्थ नव्हे. हिशेबाची आधारसामग्री व पद्धती सुधारल्या, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण. ज्या जातींविषयी एवढीही सामग्री नाही, त्यांचा अंदाज तर बव्हंशी पकडीच्या आकड्यांवरच विसंबतो.

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही. ट्यूनाच्या पकडीत कोणत्या राष्ट्राचा किती वाटा, याच्या वाटाघाटी दीर्घकाळ चालू आहेत, आणि पूर्वीची नोंदलेली पकड हा तेथील दाव्याचा एक प्रमुख आधार आहे. ज्याची पकड वहीत नाही, त्याचा हक्कही सिद्ध होत नाही. निर्बंध मात्र त्याच्याही माथी येतात.

महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ सालापासून आहे. २०२३ साली राज्य शासनाने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारही ठरवून दिला. पण मोजपट्टीविना आकाराचा नियम म्हणजे तराजूविना बाजार. मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत बंदराबंदरांतील तरुणांना रीतसर मानधन देऊन माशांची लांबी व फेरीचे दिवस नोंदविण्याचे काम सोपविता येईल. त्यास फार मोठी यंत्रणा लागणार नाही. शिवाय ज्याने स्वतः मोजले, त्याला उद्याच्या निर्बंधाचे कारण पटवून देणेही सोपे जाईल. अन्यथा मुद्दल संपल्याची वार्ता प्रथम त्या छोट्या मच्छीमाराच्या चुलीलाच कळेल, आणि तेव्हा उपायाची वेळ टळून गेलेली असेल.