ऐन भरातल्या पिचरला बाहेर कधी काढायचं?

१७ एप्रिल २०२२, रविवार. जपानमधल्या चिबा शहराचं समुद्रकाठचं बेसबॉल स्टेडियम. चिबा लोत्ते मरीन्स संघाचा वीस वर्षांचा पिचर रोकी सासाकी आठवी इनिंग संपवून परतला, तेव्हा समोर आलेल्या चोवीसच्या चोवीस बॅटरना त्यानं बाद केलं होतं. एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोहोचू दिलं नव्हतं. बरोबर आठवड्यापूर्वी याच मैदानावर त्यानं सत्तावीसपैकी सत्तावीस बाद करून ‘परफेक्ट गेम’ टाकला होता. जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये १९९४ नंतर तो प्रथमच घडत होता. आता पुन्हा तेच दार उघडत होतं. लागोपाठ दोन परफेक्ट गेम हा पराक्रम जपानच्या किंवा अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये कुणीच केलेला नाही.

आणि मॅनेजर तादाहितो इगुची यांनी नवव्या इनिंगला सासाकीला मैदानात पाठवलंच नाही.

तोवर त्याचे १०२ बॉल झाले होते, चौदा बॅटर स्ट्राइकआउट झाले होते. धावफलक मात्र ०-० होता, म्हणजे नववी इनिंग टाकूनही सामना संपेल याची खात्री नव्हती. सातव्या इनिंगनंतर त्याच्यात थकवा दिसू लागला होता आणि पुढचा विचार करता आठ इनिंग ही मर्यादा होती, असं इगुचींनी नंतर सांगितलं. सामना दहाव्या इनिंगपर्यंत लांबला आणि मरीन्स ०-१ असा हरले.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या नजरेला या निर्णयातली अडचण चटकन दिसत नाही. आपला वेगवान गोलंदाज सहा बॉल टाकतो, षटकभर सीमारेषेवर उभा राहतो, चार-सहा षटकांचा स्पेल संपवून दमला तर तासाभरानं पुन्हा येतो. बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणारा पिचर आपल्या संघासाठी एकटाच, इनिंगमागून इनिंग प्रत्येक बॅटरला बॉल टाकत राहतो. एकदा बाहेर काढला की त्या दिवशी तो परत येऊ शकत नाही. त्यामुळे मॅनेजरला ‘बघू, गरज पडली तर पुन्हा बोलावू’ ही सोय नाही.

दुखापतीची जागाही वेगळी. क्रिकेटचा गोलंदाज धावत येतो, कोपर जवळपास सरळ ठेवतो, आणि मोठा भार कमरेच्या मणक्यांवर पडतो. जसप्रीत बुमराचं पाठीचं दुखणं आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत, ते त्यामुळेच. पिचर धावत येत नाही. उभ्या जागेवरून एक लांब टांग टाकतो, कंबर फिरते, मग धड, आणि शेवटी हात आसुडासारखा सुटतो. त्या क्षणी खांद्यापाशी दंड सेकंदाला सुमारे ७,००० अंश इतक्या वेगानं आतल्या बाजूला फिरतो. मानवी शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींमध्ये हिची गणना होते.

हात पूर्ण मागे वळून पुढे झेपावायला लागतो तेव्हा कोपराची आतली बाजू उघडू पाहते. ती उघडू न देणारा लहानसा पट्टा म्हणजे अल्नर कोलॅटरल लिगामेंट. दंडाचं हाड आणि पुढच्या हातातलं करंगळीकडचं हाड यांना तो बांधून ठेवतो. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटमध्ये ग्लेन फ्लाइसिग आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोजमापानुसार वेगवान बॉल टाकताना कोपरावर ६० न्यूटन-मीटरहून अधिक पिळाचा भार येतो. प्रयोगशाळेत मृतदेहाच्या कोपरातलं हेच लिगामेंट ३२ ते ३४ न्यूटन-मीटरच्या आसपास तुटतं. मग प्रत्येक बॉलला कोपर निकामी का होत नाही? कारण सगळा भार लिगामेंट एकटं उचलत नाही. सांध्याची हाडं एकमेकांत बसलेली असतात आणि पुढच्या हाताचे स्नायू आवळून उरलेला वाटा घेतात. हे स्नायू थकले की त्यांचा वाटा कमी होतो आणि तो लिगामेंटच्या अंगावर येतो, असं मानलं जातं. थकवा म्हणजे इथे नुसता दमसास नव्हे. कोपराचं संरक्षण ढिलं पडणं.

लिगामेंटचा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. त्यात पडलेल्या बारीक चिरा सावकाश भरतात, आणि त्या पडताना दुखेलच असं नाही. म्हणूनच ‘दुखलं की थांबवू’ हे धोरण इथे उशिराचं ठरतं.

लिगामेंट पूर्ण तुटलं की १९७४ पर्यंत पिचरची कारकीर्द संपत असे. त्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या हातातलं एक टेंडन काढून त्याच्या डाव्या कोपरात लिगामेंटच्या जागी ओवलं. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक इतकीच धरली होती. जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. तिची आज इतकी सवय झाली आहे की ती गाडीचा टायर बदलण्यासारखी वाटू लागली आहे. तसं नाही. परत मैदानावर यायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागतं, काही जण पूर्वीच्या दर्जाला कधीच पोहोचत नाहीत, आणि काहींना ती दुसऱ्यांदा करावी लागते.

मॅनेजरच्या हाती मोजायला असतो तो बॉलचा आकडा. शंभर बॉल ही अमेरिकेत जवळपास लक्ष्मणरेषा झाली आहे, पण शंभर हा केवळ गोल आकडा आहे. नव्व्याण्णवाव्या आणि एकशेएकाव्या बॉलमध्ये शरीरशास्त्राच्या दृष्टीनं काहीच घडत नाही. तरी तो निरुपयोगी नाही. कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषध घ्या. गाठ त्यानं उत्तम विरघळत असते, रुग्णाला बरं वाटत असतं, आणि तरीही आयुष्यभराच्या एकूण मात्रेची मर्यादा जवळ आली की डॉक्टर ते थांबवतात. कारण त्याच औषधाचा हृदयाच्या स्नायूवर होणारा परिणाम साठत जातो आणि दिसतो उशिरा. ज्या घडीला औषध थांबवायचं, त्या घडीला थांबवण्याचं कारण रुग्णाच्या चेहऱ्यावर दिसत नसतं. ऐन भरातल्या पिचरचं तसंच आहे. मध्यम कुवतीचा पिचर थकला की फटके बसू लागतात आणि धावफलकच त्याला बाहेर काढतो. असामान्य पिचर थकल्यावरही बॅटरना पुरून उरतो. त्याचं यशच त्याच्या थकव्यावर पांघरूण घालतं.

म्हणून आकड्याच्या जोडीला हाताकडे बघावं लागतं. वेग दोन-तीन किलोमीटरनं उतरला का, बॉल नेमका जायचा तिथे न जाता वर राहू लागला का, कोपर खांद्याच्या रेषेखाली यायला लागलं का, दोन बॉलमधला वेळ वाढला का. फ्लाइसिग यांच्याच गटानं २००६ मध्ये किशोरवयीन पिचरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हात थकलेला असतानाही नेहमी बॉल टाकत राहणाऱ्या मुलांत खांद्या-कोपराच्या शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट आढळली, तर सामन्यात सरासरी ८० हून अधिक बॉल टाकणाऱ्यांत सुमारे चौपट. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर काय जास्त बोलतं हे कळतं.

स्वतः पिचरला विचारावं, तर उत्तर ठरलेलं असतं. १ नोव्हेंबर २०१५ रोजी वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात न्यू यॉर्क मेट्सच्या मॅट हार्वीनं आठ इनिंगमध्ये एकही धाव दिली नव्हती. दोन वर्षांपूर्वीच त्याच्या कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली होती आणि हा परतल्यानंतरचा पहिलाच हंगाम होता. मॅनेजर टेरी कॉलिन्स यांनी नवव्या इनिंगसाठी दुसरा पिचर ठरवला होता. हार्वीनं डगआउटमध्ये हट्ट धरला, प्रेक्षक त्याच्या नावाचा घोष करत होते, कॉलिन्स विरघळले. पहिल्या बॅटरला चालत पहिला बेस मिळाला, दुसऱ्यानं जोरदार फटका मारला, आणि मग हार्वीला काढलं. २-० ची आघाडी गेली, सामना गेला, सिरीजही गेली. त्या हंगामात प्लेऑफ धरून त्याच्या २१६ इनिंग झाल्या.

नेमका उलटा निर्णय तीन वर्षांपूर्वी वॉशिंग्टन नॅशनल्सनी घेतला होता. स्टीफन स्ट्रॅसबर्ग हा त्या पिढीतला सर्वांत गाजलेला तरुण पिचर. जून २०१० मध्ये पहिल्याच सामन्यात १४ स्ट्राइकआउट, ऑगस्टमध्ये लिगामेंट फाटलं, सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया. २०१२ मध्ये तो पुन्हा ऐन भरात होता आणि संघ देशात अव्वल. तरी जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी आधीच जाहीर केल्याप्रमाणे १५९ इनिंग आणि वर एकतृतीयांशवर त्याचा हंगाम सप्टेंबरमध्ये थांबवला. वॉशिंग्टनच्या संघाला १९३३ नंतर प्रथमच प्लेऑफ गाठायची संधी होती. संघ तिथे पोहोचला आणि पहिल्याच मालिकेच्या निर्णायक सामन्यात ६-० अशी आघाडी घेऊन ७-९ असा हरला. स्ट्रॅसबर्ग बाकावर बसून होता.

पुढे काय झालं? २०१९ मध्ये नॅशनल्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला स्ट्रॅसबर्ग. रिझोंचे समर्थक तेव्हा म्हणाले, बघा! पण त्यानंतरच्या तीन हंगामांत तो जेमतेम आठ सामने सुरू करू शकला. गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेत नसा-रक्तवाहिन्या दाबल्या जातात, त्या थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमनं त्याला गाठलं. २०२१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, २०२४ मध्ये निवृत्ती. हार्वीलाही २०१६ मध्ये याच विकाराची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. एकाला जपलं, दुसऱ्याला खेळवलं. दोघंही अखेर त्याच वाटेत अडकले.

एका रुग्णावरून औषधाचा गुण ठरत नाही, तसा एका पिचरवरून नियमाचा कस ठरत नाही. थांबवलं नसतं तर काय झालं असतं हे दाखवणारा दुसरा स्ट्रॅसबर्ग कुठे नव्हता. रिझोंचा निर्णय आधी ठरवलेला होता, टाळ्या-शिट्ट्यांच्या गजरात घेतलेला नव्हता, हे त्याचं बळ. त्याची खोट वेगळीच होती. इनिंग मोजक्याच होत्या, तर हंगामाच्या सुरुवातीला त्याला महिनाभर उशिरा आणता आलं असतं. शिधा कमी असल्यावर सणाच्या आधीच संपवत नाहीत.

बाहेर काढण्यामागे दुसरंही एक कारण असतं, आणि ते आरोग्याचं नाही. तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की त्यांना पिचरचा अंदाज येऊ लागतो. २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टँपा बेचा ब्लेक स्नेल केवळ ७३ बॉलनंतर, नऊ स्ट्राइकआउट घेऊन सुसाट असताना बाहेर काढला गेला तो या गणितामुळे. संघ हरला. त्या निर्णयाला कुणी खेळाडूच्या हिताचं नाव देऊ नये.

लवकर बाहेर काढणं हा रामबाण उपायही नाही. एकविसाव्या शतकात पिचर सामन्यागणिक कमी बॉल टाकू लागले, तरी कोपरं वाचली नाहीत. मेजर लीग बेसबॉलनं डिसेंबर २०२४ मध्ये पिचरच्या दुखापतींवर मोठा अहवाल काढला. त्यानुसार सरळ वेगवान बॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी १४७ किलोमीटर होता, तो २०२४ मध्ये जवळजवळ १५२ झाला. आपल्याला पाच-सहाच इनिंग टाकायच्या आहेत हे ठाऊक असलेला पिचर प्रत्येक बॉल जीव तोडून टाकतो. पूर्वीचा पिचर नऊ इनिंग पुरवायच्या म्हणून हात राखून टाकत असे. आकडा कमी झाला आणि दर बॉलमागचा भार वाढला.

खरी चिंता आहे ती लहान वयाची. सासाकी अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असताना, जुलै २०१९ मध्ये, त्याची ओफुनातो शाळा इवाते प्रांताच्या अंतिम फेरीत पोहोचली. जिंकली असती तर कोशिएनची राष्ट्रीय स्पर्धा मिळणार होती, जपानी शाळकरी मुलांचं सर्वांत मोठं स्वप्न. त्यानं त्या स्पर्धेत आधी एका सामन्यात १९४ बॉल टाकले होते आणि अंतिम सामन्याच्या आदल्याच दिवशी १२९. प्रशिक्षक योहेई कोकुबो यांनी त्याला अंतिम सामन्यात उतरवलंच नाही. शाळा २-१२ अशी हरली. शाळेकडे संतप्त फोन येत राहिले. टाक म्हटलं असतं तर त्यानं टाकले असते, पण तसं सांगणं आपल्याला जमलं नाही, असा कोकुबोंचा खुलासा होता. पुढल्या वर्षीपासून जपानच्या शालेय बेसबॉल महासंघानं एका पिचरला आठवड्यात ५०० बॉलची मर्यादा घातली. पाचशे! बालरोगतज्ज्ञाला हा आकडा ऐकून हसावं की रडावं कळणार नाही, पण आधी तीही नव्हती.

अमेरिकेतल्या लिटल लीगनं २००७ पासून इनिंगऐवजी बॉल मोजायला सुरुवात केली. तिथे वाढणारी मराठी घरांतली मुलंही या लीगमध्ये खेळतात, म्हणून आकडे सांगायला हवेत. आठ वर्षांपर्यंत दिवसाला ५०, नऊ-दहा वर्षांना ७५, अकरा-बारा वर्षांना ८५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलानं एका दिवशी ६६ किंवा अधिक बॉल टाकले, तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. बॅटर खेळत असताना मधेच मर्यादा गाठली, तर तेवढा बॅटर संपवायची मुभा असते. नंतर मुलाला मैदान सोडावं लागत नाही. तो दुसऱ्या जागी क्षेत्ररक्षण करू शकतो. मात्र ४१ किंवा त्याहून अधिक बॉल टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचरच्या जागी बसवता येत नाही. पिचरखालोखाल सगळ्यात जास्त बॉल फेकावे लागतात ते कॅचरलाच.